दोन नावांच्या नगराचे हवामान

आल्प्स पर्वत म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे बर्फाने झाकलेली शिखरे आणि लोकरीच्या कपड्यांत गुरफटलेली माणसे उभी राहतात. भूगोलाच्या पुस्तकांतील चित्रेही बहुधा तशीच असतात. म्हणून आल्प्सच्या अंतरंगात वसलेल्या एखाद्या नगरास जुलै महिन्यात जावयाचे ठरले, तर आपण प्रथम जाड कोट पेटीत घालू. उत्तर इटलीतील बोल्त्सानो नगरास अशा तयारीने जाणारा प्रवासी स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच घामाघूम होईल. उलट, येथील उकाडा पाहून जो नुसत्या सदऱ्यानिशी जवळच्या उंच शिखराकडे निघेल, त्याला दुपारच्या गारपिटीत जीव वाचविणे कठीण पडेल. एकाच दिवशी, एकाच नगराच्या परिसरात या दोन्ही चुका होऊ शकतात. असे का घडते आणि अशा ठिकाणच्या प्रवासाची आखणी कोणत्या तत्त्वावर करावी, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

स्थान आणि उंची

बोल्त्सानो हे इटलीच्या अगदी उत्तरेकडील दक्षिण तिरोल या स्वायत्त प्रांताचे मुख्य नगर. लोकसंख्या एक लाखाहून थोडी अधिक. ते सुमारे ४६॥ उत्तर अक्षांशावर आहे. याच नगराला जर्मन भाषेत बोत्सेन म्हणतात. या दोन नावांचे प्रकरण पुढे येईलच.

नकाशात या नगराच्या चहूबाजूंस पर्वतांचा गडद तपकिरी रंग दिसतो. परंतु खुद्द नगराची समुद्रसपाटीपासूनची उंची अवघी २६२ मीटर आहे! आपले बेळगाव सुमारे ७५० मीटरांवर आहे; म्हणजे बेळगावचा विद्यार्थी या 'आल्प्समधील' नगराच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर राहतो. ऑस्ट्रियाच्या सीमेवरील प्रसिद्ध ब्रेनर खिंड सुमारे १,३७० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराएवढीच उंच आहे. तेव्हा केवळ उंचीचा आकडा पाहून हवामानाचा अंदाज बांधता येत नाही. अक्षांश, भोवतालच्या पर्वतांची ठेवण आणि वाऱ्यांच्या वाटा यांचाही विचार करावा लागतो.

नगर एका खोलगट खोऱ्याच्या तळाशी आहे. उत्तरेकडून ताल्वेरा व ईशान्येकडून इसार्को या नद्या येऊन येथे मिळतात आणि नगराच्या दक्षिणेस त्यांचा प्रवाह आदिजे या मोठ्या नदीत जातो. तीन बाजूंस उंच पर्वत आणि दक्षिणेकडे आदिजेच्या दरीचे उघडे तोंड, अशी ही रचना आहे. परातीच्या तळाशी ठेवलेल्या वस्तूस चहूकडून ऊब लागावी, तसे हे नगर उन्हाळ्यात तापते. दक्षिणाभिमुख उतारांवर ऊन थेट पडते, खडक तापतात आणि वारा अडल्यामुळे उष्णता कोंडून राहते. जुलैमध्ये दुपारचे सरासरी उष्णतामान सुमारे ३० अंश सेंटिग्रेड असते. काही दिवशी पारा ३५ अंशांच्याही पलीकडे जातो. उन्हाळ्यात इटलीतील सर्वांत उष्ण नगरांच्या यादीत या आल्प्समधील नगराचे नाव पुष्कळदा झळकते, हे ऐकून अनेकांस नवल वाटते.

हिवाळ्यात हीच परात थंडी साठविते. थंड हवा जड असल्याने ती रात्री डोंगरउतारांवरून घसरत खाली येते आणि तळाशी साचते. जानेवारीत रात्रीचे उष्णतामान शून्याखाली जाते. कित्येक दिवशी तळाशी गारठा व धुके, तर वर हजार मीटरांवर लख्ख ऊन व अधिक ऊब, असा प्रकार घडतो. सामान्य नियम असा की, हजार मीटर वर चढले म्हणजे उष्णतामान सुमारे सहा अंशांनी उतरते. अशा दिवशी हा नियम उलटा होतो, म्हणून भूगोलात यास 'उष्णतामानाची विपरीतता' असे नाव दिले आहे.

वारा आणि पाऊस

वर्षभरात येथे सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरास एका मोसमात पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. आपल्याकडे जूनपासून पाऊस सलग लागतो व हिवाळा कोरडा जातो. बोल्त्सानोसही अधिक पाऊस उन्हाळ्यातच पडतो व हिवाळा कोरडाच असतो. परंतु तो पाऊस मोसमी वाऱ्यांचा नसून बहुतांशी दुपारच्या वादळी सरींचा असतो. सकाळी आकाश निरभ्र असते. ऊन चढते तशी तापलेली हवा डोंगरउतारांवरून वर सरकते, ढगांचे मनोरे उभे राहतात आणि दुपारनंतर विजांचा कडकडाट सुरू होतो. म्हणून तेथील अनुभवी लोक उजाडताच डोंगर चढू लागतात आणि दुपार कलण्यापूर्वी कड्यांवरून खाली येतात.

आल्प्सचा विशेष वारा म्हणजे 'फॉन'. वारा उत्तरेकडून आला की आल्प्सच्या मुख्य रांगेवर चढताना त्यातील वाफेचे ढग होतात व पाऊस किंवा बर्फ त्या बाजूसच पडून जाते. कोरडी झालेली हवा दक्षिणेकडे उतरताना दाबली जाते व तापते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पलीकडे ६०० मीटरांवर हवा ८ अंश आहे. ती ढगांतून ३,००० मीटरांपर्यंत चढली. ढगांतील हवा हजार मीटरांस सुमारे ६ अंशांनी निवते. म्हणून माथ्यावर ती उणे ६ अंशांच्या आसपास येते. आता ती कोरडी आहे, आणि कोरडी हवा उतरताना हजार मीटरांस सुमारे १० अंशांनी तापते. २६० मीटरांपर्यंत उतरताना तिला सुमारे २७ अंश मिळतात आणि ती २१ अंशांवर पोहोचते! प्रत्यक्षात हिशेब इतका चोख जुळत नाही; तथापि पर्वताच्या एका अंगास हिमवर्षाव होत असता दुसऱ्या अंगास कोरडा, उबदार वारा का सुटतो, याचा उलगडा या उदाहरणाने होतो. प्रवाशाने लक्षात ठेवावयाचे ते इतकेच की, उतारावरील ताज्या बर्फास हा वारा सैल करू शकतो. नगरातील सुखद ऊब ही वरच्या वाटेवरील धोक्याची खूण असू शकते.

वर्षाचे चक्र

आता एप्रिलपासून वर्षाचे निरीक्षण करू. एप्रिलमध्ये आदिजेच्या दरीत सफरचंदाच्या बागा फुलतात. इटलीत पिकणाऱ्या सफरचंदांपैकी सुमारे निम्मी या प्रांतात पिकतात. याच दिवसांत रात्री एकाएकी उष्णतामान शून्याखाली गेले तर मोहोर करपतो. त्यावर तेथील शेतकऱ्यांनी योजिलेला उपाय पाहण्यासारखा आहे. ते थंडीच्या रात्री झाडांवर पाण्याचे बारीक तुषार सतत उडवितात. पाणी गोठून फुलांवर काचेसारखे कवच चढते. पाणी गोठताना दर ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी 'गुप्त उष्णता' बाहेर टाकते. तिच्यामुळे कळीचे उष्णतामान शून्याच्या आसपास टिकते आणि कळी वाचते. बर्फाने थंडीपासून रक्षण करावे, हे आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील एका नियमाचे प्रत्यक्ष रूप होय. प्रवासी पहाटे अशा बागेपाशी गेला तर त्यास फुलांनी लगडलेली काचेची झाडे दिसतात. मात्र याच एप्रिलमध्ये दोन हजार मीटरांवर हिवाळाच असतो. याच प्रांताच्या पश्चिम सीमेवरील स्टेल्व्हियो घाट २,७५७ मीटर उंच असून तेथील रस्ता बर्फामुळे बहुधा मेअखेर किंवा जूनपर्यंत बंदच राहतो.

जुलै व ऑगस्ट हे नगरात उकाड्याचे आणि पर्वतांवर उत्तम दिवस. जूनअखेरीस दिवस पावणेसोळा तासांपर्यंत वाढतो. नगरातील सधन व्यापारी शतकानुशतके या दिवसांत समोरच्या रेनोन पठारावर राहावयास जात. जर्मन भाषेत या प्रथेस 'झोमरफ्रिशं', म्हणजे उन्हाळ्यातील गारवा, असे नाव आहे. आपल्याकडील माथेरान-महाबळेश्वरची आठवण यावी अशीच ही गोष्ट. पठारावर जाण्यासाठी १९०७ साली दातेरी रुळांची आगगाडी सुरू झाली. १९६६ साली तिची जागा रज्जुमार्गाने घेतली व २००९ साली नवा रज्जुमार्ग आला. सुमारे बारा मिनिटांत पाळणा साडेनऊशे मीटर वर नेतो, म्हणजे नियमाप्रमाणे सुमारे सहा अंश गारवा पदरी पडतो. नगराच्या दक्षिणेकडील कोल्ले डोंगरावर तर १९०८ सालीच रज्जुमार्ग झाला होता. प्रवासी वाहून नेणाऱ्या जगातील आद्य रज्जुमार्गांत त्याची गणना होते.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा बहुतेक प्रवाशांस सर्वांत सोईचा काळ. वादळे ओसरतात, हवा स्वच्छ होते, द्राक्षे व सफरचंदे उतरविली जातात आणि पुढे शेतकऱ्यांच्या घरी भाजलेल्या चेस्टनटांची मेजवानी चालते. नगराच्या पूर्वेस रोझेनगार्टेन नावाची डोलोमाइट खडकांची उंच भिंत आहे. सूर्यास्ताच्या वेळी ती गुलाबी व नंतर तांबडी होते. लोककथा अशी सांगतात की, तेथे लाऊरिन नावाच्या बुटक्यांच्या राजाची गुलाबबाग होती. ती शत्रूच्या हाती लागली तेव्हा त्याने शाप दिला की, ही बाग दिवसा वा रात्री कोणाच्याही दृष्टीस पडू नये. मात्र संधिकाळाचा उल्लेख करावयास तो विसरला! डोलोमाइट पर्वतांचा समावेश २००९ साली जागतिक वारशाच्या यादीत झाला आहे.

नोव्हेंबरमध्ये पर्वतावरील बहुतेक विश्रांतिगृहे व बरेच रज्जुमार्ग बंद असतात. या काळात येणाऱ्याने नगरातील वस्तुसंग्रहालयांवर संतोष मानावा. नोव्हेंबरच्या अखेरीपासून ६ जानेवारीपर्यंत नाताळचा बाजार भरतो. १९९१ साली त्याचा आरंभ झाला. डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम साडेआठ तासांचा, त्यातही पर्वतांच्या आड सूर्य लवकर जातो. म्हणून हिवाळ्यातील सहलीचा हिशेब मैलांत न करता प्रकाशाच्या तासांत करावा लागतो.

पाच हजार वर्षांपूर्वीचा वाटसरू

नगराच्या पुरातत्त्व संग्रहालयात १९९८ पासून एक असाधारण पाहुणा आहे. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ३,२१० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फात, गिर्यारोहकांस एक मानवी देह आढळला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ठरला. जग त्यास 'ओत्झी' या नावाने ओळखते. आज तो उणे ६ अंशांच्या थंड कक्षात जपून ठेवला आहे. तो ऑस्ट्रियाचा की इटलीचा, असा प्रश्न उद्भवला, तेव्हा मोजणी करून पाहिले. तो सीमारेषेपासून ९२.५६ मीटर इटलीच्या हद्दीत सापडला होता.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याची तयारी पाहण्याजोगी आहे. डोक्यास अस्वलाच्या कातड्याची टोपी, अंगात शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यांचा अंगरखा आणि जोड्यांत उबेसाठी गवत भरलेले. बर्चच्या सालीच्या डब्यात ओल्या हिरव्या पानांत गुंडाळून त्याने निखारे नेले होते. त्याच्या आतड्यांत एका वृक्षाचे ताजे परागकण सापडले. तो वृक्ष दरीत वसंताच्या अखेरीस फुलतो. म्हणजे खाली फुलोरा असताना हा मनुष्य बर्फाच्या तयारीने वर निघाला होता. दरीतील ऋतू निराळा व माथ्यावरील निराळा, हे त्यास ठाऊक होते. त्याचा मृत्यू हवामानाने झाला नाही. २००१ साली त्याच्या खांद्यात बाणाचे टोक आढळले.

आजच्या माणसाजवळ अधिक ज्ञान आहे. परंतु धोकाही वाढला आहे. ३ जुलै २०२२ रोजी डोलोमाइटमधील सर्वोच्च पर्वत मार्मोलादा याच्या हिमनदीचा मोठा भाग तुटून कोसळला व अकरा माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या दिवशी माथ्यावरही उष्णतामान १० अंशांच्या आसपास होते. वादळ नव्हते, सुट्टीचा छान, उघडीपीचा दिवस होता. आल्प्समधील हिमनद्या वेगाने वितळत आहेत. जुन्या अनुभवावर सुरक्षित मानलेल्या वाटाही आता पुन्हा तपासून पाहाव्या लागतात.

दोन नावे आणि एक सूचना

आता नावांकडे वळू. पहिल्या महायुद्धापूर्वी हा प्रदेश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. १९१९ च्या तहाने तो इटलीस मिळाला. पुढे फॅसिस्ट राजवटीत जर्मन शाळा बंद करण्यात आल्या, गावांची व डोंगरांची नावे इटालियन करण्यात आली आणि मुलांना मातृभाषा चोरून, घरांतून भरणाऱ्या गुप्त वर्गांत शिकावी लागली. १९३९ साली जर्मनभाषकांसमोर 'देश सोडा, नाहीतर भाषा सोडा' असाच जणू पर्याय ठेवण्यात आला. सुमारे पाऊण लाख माणसे घरदार सोडून गेली. १९४६ साली इटली व ऑस्ट्रिया यांच्यात करार झाला, परंतु त्याची अंमलबजावणी समाधानकारक झाली नाही व असंतोष धुमसत राहिला. अखेर १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने दोन्ही भाषांस बरोबरीचे स्थान मिळाले आणि १९९२ साली हा वाद मिटल्याचे दोन्ही देशांनी मान्य केले.

आज प्रांतातील सुमारे दोन-तृतीयांश लोक जर्मनभाषक आहेत. मात्र बोल्त्सानो नगरात सुमारे तीन-चतुर्थांश लोक इटालियनभाषक आहेत. म्हणजे नगरात एक समाज अल्पसंख्य, तर प्रांतात दुसरा. काही दऱ्यांतून लादीन ही तिसरी प्राचीन भाषाही नांदते. मुलांस आपापल्या भाषेच्या शाळेत शिकता येते व दुसरी भाषा आवश्यक विषय म्हणून शिकावी लागते. सरकारी नोकरीसाठी दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. ज्यांच्या बाजारपेठेत रोज दोन-तीन भाषा कानी पडतात, त्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांस या व्यवस्थेचे मोल निराळे सांगावयास नको.

प्रवाशास याचा संबंध काय? फार मोठा. येथे प्रत्येक ठिकाणास दोन नावे आहेत. रेनोन म्हणजेच रिटन. कोल्ले म्हणजेच कोलर्न. इसार्को म्हणजेच आयझाक. आदिजे म्हणजेच एच. रोझेनगार्टेन म्हणजेच कातिनाच्चो. एका भाषेतील नकाशा हाती व दुसऱ्या भाषेतील वादळाची सूचना कानी, असे झाले तर ज्या दरीत आपण उभे आहोत तिचेच नाव ऐकूनही ते आपणांस कळणार नाही. म्हणून रस्त्यांवरील पाट्या, स्टेशनावरील घोषणा आणि हवामानखात्याची पत्रके दोन्ही भाषांत असतात. २०१८ च्या हिवाळ्यापासून तर ऑस्ट्रियातील तिरोल, दक्षिण तिरोल व शेजारचा त्रेन्तिनो हे तीन प्रांत मिळून हिमलोटांविषयी एकच दैनिक पत्रक अनेक भाषांत काढू लागले. त्यात एक ते पाच अशा धोक्याच्या पायऱ्या सांगितलेल्या असतात. ज्या सीमेवरून शतकभर भांडण चालले, ती ओलांडून आज ही सूचना रोज जाते; कारण कोसळणारे बर्फ कोणाचीही भाषा विचारीत नाही.

आखणीचे नियम

या विवेचनावरून प्रवाशासाठी पुढील नियम निघतात. पहिला : ऋतू पंचांगात पाहावा तसा उंचीवरही पाहावा; नगराच्या उष्णतामानातून हजार मीटरांस सहा अंश वजा करावे आणि हिवाळ्यात विपरीततेचा संभव ध्यानी ठेवावा. दुसरा : उन्हाळ्यात उजाडता निघावे, दुपारी परतावे. तिसरा : निघण्यापूर्वी रज्जुमार्ग, घाट व विश्रांतिगृहे चालू आहेत की नाहीत याची चौकशी करावी. चौथा : हवामानाचे पत्रक निघण्याच्या दिवशी पुन्हा वाचावे, आठवड्यापूर्वीच्या अंदाजावर विसंबू नये. पाचवा : जावयाच्या प्रत्येक ठिकाणाची दोन्ही नावे टिपून घ्यावीत. सहावा, व सर्वांत अवघड : सूचना प्रतिकूल असेल तर परत फिरावे.

बोल्त्सानोस जाण्याचा योग आपल्यापैकी थोड्यांनाच येईल. परंतु यांतील पहिला नियम घरबसल्या पडताळता येतो. बेळगावहून चोर्ला घाट उतरून पणजीस जाताना आपण सुमारे साडेसातशे मीटर खाली येतो. हिशेबाने साडेचार अंशांचा फरक पडावयास हवा. एकाच वेळी दोन्ही गावी सावलीतील उष्णतामान मोजून महिनाभर वहीत टिपावे. आकडे हिशेबाशी कोणत्या दिवशी जुळतात व कोणत्या दिवशी समुद्र, ढग किंवा वारा त्यांत ढवळाढवळ करतो, हे पाहावे. दोन्ही गावच्या शाळांनी आपापल्या वह्या एकमेकींस पाठविल्या, तर पुढील वर्षीच्या अंकात त्या नोंदींवरील लेख आमच्या विद्यार्थ्यांपैकीच कोणी लिहील, अशी आम्हांस आशा आहे.